पालथा पेला

हडपसरच्या कडेला, उसाच्या फडांत, माझ्या आत्याचा देशी दारूचा गुत्ता होता. नवरा गेल्यावर तिनेच तो चालवला, आणि असा चालवला की सरपंचही आत शिरताना आवाज खाली आणायचा. बसायला एकच लांब बाक. जमीनदार असो की ऊसतोड्या, टेकायचं तिथेच. कोणी आगळीक केली की आत्या त्याच्यापुढे पेला पालथा घालायची. सर्वांदेखत माफी मागितली तर सुलटा, नाहीतर थेंबही नाही.

एकदा शेजारी बसला म्हणून पाटलाच्या मुलाने एका म्हाताऱ्या ऊसतोड्याच्या कानाखाली वाजवली. आत्याने पेला पालथा घातला. तो तणतणत निघून गेला. माफी राहिली ती राहिलीच.

पुढे उसाच्या जागी काचेच्या इमारती उगवल्या आणि हा पाटलाचा मुलगा झाला बिल्डर. गुत्त्याची जागा भाड्याची. ती त्याने विकत घेतली आणि आत्याला बाहेर काढलं. गुत्ता पाडला मात्र नाही. आयटीतल्या पोरांना जुनं आवडतं, हे त्याने हेरलं होतं. दगडी भिंती घासल्या, बाकाला पॉलिश केलं, दारावर पाटी लावली : 'आमच्या आजोबांचा गुत्ता'. ती वाचून आत्या दोन दिवस जेवली नाही.

मी संधी शोधत होतो. ती त्यानेच ताटात वाढून आणली.

"अहो, तुम्ही नाटकांत कामं करता ना? उद्घाटनाला जागेचा इतिहास सांगा. जरा रंगवून."

"रंगवतो की. फक्त आत्याला पुढे बसवा."

"बसवू. फोटोत म्हातारी छान दिसेल."

कानाखाली वाजवणारे विसरतात, हे किती सोयीचं!

रविवारी दुपारी मी काय रंगलो म्हणता! आत्याचा दरारा, बाक, पालथा पेला, सगळं सांगितलं. पोरं खूष. एका मुलीने विचारलं, "सर, लास्ट कोणाचा पेला पालथा घातला?"

मी भरपूर थांबलो. असा विराम मला रंगमंचावर कधी साधला नव्हता.

"तो गृहस्थ इथेच आहे. माफी अजून बाकी आहे."

आत्या उठली. सावकाश चालत मालकापाशी गेली, त्याच्यापुढचा रिकामा पेला उचलला आणि पालथा घातला. पोरांनी टाळ्या पिटल्या, मग मालकाकडे बघत राहिली. एका शब्दाचं काम होतं. तो सोडून त्याने फोटोवाल्याला हाक मारली.

पोरांनी तो पेला उचलून गल्ल्याशेजारी मांडला. आता येणारा प्रत्येक जण विचारतो, हा कोणाचा? आणि कोणीतरी हौसेने सांगतं. हलवावा, तर गिऱ्हाईक बोंब मारतं. त्यालाच जतन करायचं होतं ना? करा!

मी दर रविवारी मुद्दाम डोकावतो आणि तिथून आत्याकडे जेवायला जातो. ती दारातच अडवते.

"पालथाच हाय का?"

"पालथाच."

"धूळ बसली आसंल. पुसायला सांग त्याला," म्हणते आणि ताट वाढते.