शंभरीच्या शोधातले घरमालक

नागपुरात कोण किती वर्षं जगणार हे आधीच सांगू शकणारा एकच माणूस मी पाहिला, आणि त्याच्याच घरात मी सात वर्षं भाड्यानं राहिलो. हात बघून, पत्रिका मांडून सांगणारे गल्लोगल्ली असतात. आमचे घरमालक असल्या भानगडीत पडत नसत. ते फक्त विचारत, "काय खाऊन राहिले सध्या?" आपण सांगितलं की एक डोळा बारीक करून आपल्याकडे असं पाहत, की घरी जाऊन बायकोशी दोन शब्द गोड बोलून घ्यावेत असं वाटे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नंदनवन नावाच्या त्या वस्तीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. खोली बघायला गेलो तर नोकरी कुठं, माणसं किती, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "आजोबा किती वर्षांचे होऊन गेले?"

"ब्याऐंशी."

"काय खात?"

"ज्वारीची भाकर."

"अन् वडील?"

"छपन्नाव्या वर्षी गेले. तहसील कचेरीत होते."

"पोळी खात असन!" ते इतक्या आनंदानं ओरडले की आतून त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, "अहो!" म्हणून हाक मारली. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की समोरच्याच्या मेलेल्या बापाबद्दल बोलणं चाललंय. त्यांनी घाईघाईनं चेहरा पाडला. "वाईट झालं," म्हणाले, "पण ते होणारच होतं." खोली मात्र दिली. भाकर खाणाऱ्याचा नातू अजून सुधारू शकतो, असा त्यांचा हिशेब असावा.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांनी जे खाल्लं ते खावं आणि त्यांच्याइतकं जगावं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, सकाळी आंबील. गहू हा पाहुणा. सणावारी आला तर पाट मांडावा, रोज मुक्कामाला ठेवू नये. वनस्पती तुपाला ते "मेणबत्ती" म्हणत. आणि भात? "त्यात चावाले काय आहे? पाणीच ते. फक्त उभं राहिलेलं." या शास्त्रासाठी त्यांनी एक जाडजूड रजिस्टर ठेवलं होतं. माणसाचं नाव, काय खात होता, कशानं गेला, कितव्या वर्षी गेला. मेलेल्यांची पानं वेगळी, अजून वाट पाहणाऱ्यांची वेगळी. माझं नाव दुसऱ्या भागात आहे हे कळलं तेव्हा मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं नाही.

इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते कसं चाललं हे एक कोडंच, कारण घरमालक गल्ल्यावर असले की गिऱ्हाईक हात हलवत परत जाई. एकदा एक सद्गृहस्थ मुलीच्या लग्नात द्यायला मोठी पितळी कढई बघत होते. घरमालकांनी ती खाली काढलीच नाही. हलक्या आवाजात विचारलं, "जावयाशी काई वाकडं आहे काय?" गृहस्थ भडकले. हे शांतपणे म्हणाले, "मंग तवा द्या ना बापा. कढईत पोरगी काय करन? तळनच ना?" धाकटा भाऊ दुकानात पडेल ते काम करायचा, तो अशा वेळी कपाळाला हात लावून मागच्या खोलीत ताटं पुसायला जाई. त्यांच्या दुकानातली ताटं साऱ्या इतवारीत सर्वांत चकचकीत होती.

तेरवीच्या जेवणाला तर ते न चुकता जात. गांधीबागेतले एक कापडवाले वारले, ओळख जेमतेम, तरी हे जेवायला हजर. मुलगा डोळे पुसत वाढत होता. ह्यांनी त्याचा हात धरला. तो बिचारा गहिवरला. त्याला वाटलं, सांत्वन करतायत. "बाबूजी सांजच्याले काय घेत?" ह्यांनी विचारलं. "रबडी," तो हुंदका देत म्हणाला. "रोज?" "रोज." ह्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि खिशातली पेन्सिल काढली. मी शेजारी होतो. पत्रावळीत तोंड घालून बसलो, दुसरं काय करणार!

शास्त्राला अपवाद निघाला की तो त्यांना स्वतःचा अपमान वाटे. रामटेकच्या बाजूला एक म्हातारा नव्वदीचा होता. भजी खाई, विड्या ओढी, दोन वेळा साखरेचा चहा पिई. "वय खोटं सांगते तो," म्हणून हे एसटीनं खास त्याच्या गावी जाऊन जुनी दफ्तरं उलगडून आले. म्हातारा खरंच खोटं सांगत होता. तो त्र्याण्णव वर्षांचा होता. घरमालकांनी दोन दिवस रजिस्टर उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात मला अडवून म्हणाले, "त्याची माय भाकर खात होती."

पुढं पुढं ते असे दीर्घायुषी म्हातारे गाठून जेवायलाच घरी आणू लागले. ऐंशीच्या वरचा माणूस दिसला की सोडायचं नाही. ओसरीवर पाट मांडायचे, समोर रजिस्टर उघडायचं. काकू आत चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या, आणि थपथप आवाज दोन-दोन तास थांबायचा नाही. दुकानातल्या दोन नोकरांचा डबाही त्याच परातीतून जाई. मीही शहाणा; काकूंची पातळ, पापुद्रा सुटलेली भाकर पाहिली की उठवत नसे. "घ्या ना अजून," काकू म्हणायच्या. "आहे भरपूर." आम्ही घेत होतो.

एकदा काटोलकडून अठ्ठ्याऐंशी वर्षांचे एक आजोबा आणले. त्यांनी अंबाडीच्या भाजीबरोबर सात भाकरी खाल्ल्या आणि आठवी आहे का म्हणून विचारलं. आठवीही होती. घरमालकांचा चेहरा फुलून गेला होता. "पाहा," ते मला म्हणत होते, "याले म्हणते खाणं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चुलीपुढंच पडल्या.

मीच धावत जाऊन रिक्षा आणली. इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. काकूंच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. चिठ्ठी परत आली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. "यांच्या अंगात रक्तच नाही," त्या म्हणाल्या. "असंच चाललं तर हृदय थकेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. काय खातात या?"

घरमालक सावरून बसले. साऱ्या आयुष्यात इतका योग्य प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "आमच्या घरी ज्वारीची भाकर," त्यांनी सुरुवात केली, "जवसाची चटणी, तुरीचं..."

"घरी नाही हो. या. काल दुपारी यांनी काय खाल्लं?"

अर्ध्या नागपुराचं जेवण ज्यांना तोंडपाठ, ते बायकोकडे वळून पाहू लागले. काकू फरशीकडे बघत होत्या.

"उरते ते खाते," त्या हळूच म्हणाल्या.

"मग काल काय उरलं होतं?"

"काल काई उरलं नोतं."

आठवी भाकर मी डोळ्यांनी पाहिली होती. त्याच परातीतल्या तीन माझ्या स्वतःच्या पोटात गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, पालेभाजी, गूळ, डाळ सांगितली. घरमालकांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "धान्य कोणतं देऊ?" त्या वैतागल्या. "कोणतंही द्या. आधी पोटभर द्या!"

घरी आल्यावर ते रजिस्टर घेऊन बसले. मी चहा घेऊन गेलो तर पानं उलटत होते. म्हणाले, "एकही बाई नाई हो याच्यात." खरंच नव्हती. म्हाताऱ्या बायका त्यांनी पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण त्यांच्याबद्दल विचारलं की मुलं सांगायची, आईचं काय, घरात असेल ते खायची. हे काही लिहिण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूंचं ताट सगळ्यांच्या आधी वाढायला सुरुवात केली. स्वतः वाढत. चटणी भाजीत सांडे, भाजी वरणात. झालं, काकूंना घास गिळवेना. नवरा उपाशी समोर बसलाय आणि आपण जेवतोय, हे त्यांना सहन होईना. "तुमी पाहून राहिले तर उतरत नाई," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. मग घरमालक भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. तर काकू अर्धी भाकर गुपचूप दुरडीत परत टाकायच्या. हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं, कसं ते सांगतो: बांगड्यांच्या आवाजावरून. घास मोडताना बांगड्या वाजतात. वाजायच्या थांबल्या की हे भिंतीला विचारायचे, "काहून थांबली वं?" आमच्या खोलीत ऐकू यायचं. आधी आम्ही नवराबायको हसायचो. मग हसायचं बंद झालं.

महिना झाला तरी रक्त म्हणावं तसं चढेना. एका दुपारी त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "तुले आवडते तरी काय?" काकू म्हणाल्या, "भात."

काकूंचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. लहानपणी तिन्ही वेळा भात खाल्लेली बाई. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि भाकर तिला कधी आवडलीच नव्हती. जी भाकर खायला आम्ही टपून बसायचो ती! घरमालक भिंतीकडून वळले. "मंग आधी काहून नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं काय?"

"मी..." ते म्हणाले, "मी लोकाले विचारत होतो ना वं."

त्याच संध्याकाळी इतवारीतून तांदळाचं पोतं सायकलच्या कॅरिअरवर बांधून ते आले. स्वतः चालत, सायकल हातात धरून. आयुष्यभर गांधीटोपी घालणारा माणूस एकाएकी हॅट घालून निघाला तर जसा दिसेल, तसे दिसत होते. मला राहवलं नाही. "काका, पाणी आणलं?" म्हटलं. ते थांबले. घाम पुसला. "भंडाऱ्याकडे काय लोक जगत नाईत?" म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

भात, अंबाडी, गूळ, गोळ्या. कशानं ते देव जाणे, पण दिवाळीपर्यंत काकूंच्या गालांना रंग आला. तिसऱ्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता भीती नाही. घरमालक बाहेर येऊन इस्पितळाच्या पायरीवर बसले आणि चारचौघांत हुंदके देऊन रडले. मला तो माणूस तेव्हा फार आवडला.

पुढं माझी अमरावतीला बदली झाली. सदुसष्टाव्या वर्षी घरमालक गेल्याचं पत्र आलं. जाऊ म्हणता म्हणता मला भेटायला जायला वर्ष लागलं. त्यांचा एक मुलगा माझ्या वेळी जबलपूरला शिकायला होता, तो आता दुकान बघत होता, सून आली होती. काकू ठणठणीत होत्या. सुनेनं मला आणि त्यांना एकदमच वाढलं. भात होता, वरून तूप होतं. चार घास झाले आणि काकू ताटात हात ठेवून तशाच बसल्या.

"सून चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पहिले मलेच वाढते. त्याईनं शिकवून ठेवलं तिले." मग म्हणाल्या, "पण आता थांबली तरी कोणी विचारत नाई."

मी मान हलवली, वरण-भात संपवला, हात धुतले, नमस्कार करून निघालो. मी विचारलं असतं तर चाललं असतं, हे मला परतीच्या गाडीत, बडनेऱ्याच्या पुढं सुचलं.