वैशूने न ओढलेली रेघ

वैशाली म्हात्रेबद्दल लिहायचं तर शांतपणे लिही, असं मला आईने बजावलं आहे. ते जमणार नाही. पेणच्या बाजारात आजही कोणी ना कोणी गाठतं आणि विचारतं, "तुझी ती मैत्रीण गो, चांगली नोकरी लाथाडून बसली ती?" की माझं डोकं फिरलंच. वैशू आणि मी शाळेपासून एका बाकावर बसलेल्या. मी आता रोह्याला शाळेत शिकवते. दिवसभर पोरांना गप्प बसवायचं आणि संध्याकाळी स्वतःही गप्प बसायचं, एवढी सहनशक्ती माझ्यात नाही. जे झालं ते सांगते. ज्याला झोंबेल त्याला झोंबो.

वैशू हमरापूरची. तिचे वडील गुणाजीकाका, त्यांचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घरापुढचा मांडव आणि त्यात फळ्यांवर ओळीने बसवलेले गणपती. अंगाला रंग कोणीही लावतो, पण डोळ्यांची आखणी हे वेगळं काम. पापणीची ती बारीक काळी रेघ जरा चुकली, तर देव झोपाळलेला दिसतो, नाहीतर वटारून बघतो. गुणाजीकाकांचा नियम एकच. रेघ सुरू केली की संपेपर्यंत कुंचला उचलायचा नाही, आणि ओढलेली रेघ पुसायची नाही. "देवाच्या डोळ्यात खाडाखोड नाय चालत," असं ते म्हणायचे. वैशू नववीत आखणीला बसली तेव्हा जुन्या कारागिरांनी नाकं मुरडली. तो हंगाम संपेपर्यंत तेच कारागीर आपल्या मूर्ती उचलून तिच्यापुढे ठेवू लागले.

पुढे तिने भूगोल घेऊन बी.ए. केलं आणि मुंबईला जाऊन उपग्रहाची चित्रं वाचायचं शिक्षण घेऊन आली. गुणाजीकाकांना ते काही झेपलं नाही. "आभाळातून फोटो काढून कोनाचं पोट भरलंय?" असं ते येईल त्याला विचारायचे. पण शहाण्णव साली तिला खरंच नोकरी लागली. खाडीकाठच्या तिवरांचा नकाशा करून देण्याचं सरकारी काम एका खाजगी संस्थेने घेतलं होतं आणि रोह्याजवळ वरसे गावात एका भाड्याच्या बंगल्यात तिचं ऑफिस होतं. तिवरं म्हणजे खाडीच्या चिखलात, खाऱ्या पाण्यात वाढणारं जंगल. एक्याण्णवच्या कायद्याने त्यांना हात लावायची बंदी आली होती. पण बंदी पाळायची तर तिवरं कुठून कुठपर्यंत आहेत ते कागदावर यायला हवं. तेच वैशूचं काम.

कॉम्प्युटर त्या ऑफिसात एकच होता आणि त्याच्यावर कापड घातलेलं असे. सगळं काम हाताने. खाली दिवे लावलेलं काचेचं टेबल, त्यावर उपग्रहाचं चित्र, त्यावर पारदर्शक फिल्म, आणि बारीक टोकाच्या पेनाने त्यावर हद्द ओढायची. त्या चित्रात झाडी हिरवी दिसत नाही, लाल दिसते. तिवरं गडद लाल, नुसता चिखल निळसर राखाडी. मी एकदा बघायला गेले होते. वैशू टेबलावर वाकली, श्वास धरला आणि लालाच्या कडेकडेने एका दमात रेघ नेली. हमरापूरच्या मांडवात बसल्यासारखीच दिसत होती.

तिचे साहेब हैबतराव. घाटावरचे, बोलायला गोड. आख्खी खाडी त्यांनी जीपमध्ये बसून बघितली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे मी पोरांना शिकवते, पण डोळ्यांनी पाहिलं ते तिथे. वैशूचं तसं नव्हतं. चित्रात जे लाल दिसतं ते जागेवर जाऊन बघितल्याशिवाय रेघ ओढायची नाही, असं ती शिकून आली होती. ओहोटी लागली की सलवार गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरायची. काठावरची माणसं हसायची. तिला त्याचं काही नव्हतं.

पेणच्या खाडीवर तिच्या मामाचं गाव आहे. कान्हूमामा. सुट्टी लागली की वैशू तिथेच असायची, मामीच्या हातची तांदळाची भाकरी खाऊन वाढलेली. त्या गावाचं चित्र आलं तेव्हा मामाच तिला घेऊन तिवरांत शिरला. मिठागरात उभी हयात गेलेला माणूस, चिखलात कुठे पाय ठेवायचा ते त्याला विचारावं. तिवरांपलीकडे खाडी, अलीकडे मातीचा बांध, बांधाच्या आत गावाची भातशेती. मामाने तिवराच्या खोडावर थाप मारून सांगितलं, "उधाणाची लाट पयली ह्यांच्या अंगावर येते गो. मंग बांधावर. ही हायेत म्हनून बांध हाय." बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की इकडे खांड गेली म्हणतात. एकदा खांड गेली की त्या जमिनीत बरीच वर्षं भात होत नाही. वैशूने परत येऊन ती रेघ ओढली. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सोपी रेघ, असं म्हणाली होती.

मग एका कंपनीला नेमकी तिथेच जेटी बांधायची झाली.

हैबतरावांनी वैशूला आत बोलावलं. चित्र भरतीच्या वेळचं आहे, लाल रंग पसरल्यासारखा दिसतो, गावापुढची ती पट्टी पडीक खाजण म्हणून दाखवा, असं सांगितलं. म्हणजे तिथे तिवरं नाहीतच, नुसता चिखल. एकदा का कागदावर तसं आलं की कायद्याची बंदीही नाही आणि जेटीला अडचणही नाही. वैशू म्हणाली, "सर, मी तिथे छातीएवढ्या तिवरांत उभी राहिलेय." ते हसले म्हणे. हसले! ज्याला राखायला ठेवलं त्या कुंपणानेच शेत खायचं, आणि वर हसायचं.

साहेबांचं मी समजू शकते, त्यांचं पोट त्यावर. पण पुढच्या रविवारी कान्हूमामा हमरापूरला आला. सोबत ताज्या कोलंबीची पिशवी. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार, पाऊसपाण्याचं बोलला, मूर्तींचं बोलला, आणि शेवटी म्हणाला, "वैशू, नितेशला कंपनीत घेतात बोललेत. परमनंट. तुझ्या एका रेघेचा तर प्रश्न हाय." नितेश म्हणजे त्याचा मुलगा.

मी तेव्हा तिथे बसले होते. वैशूच्या हातात कुंचला होता, तो तिने वाटीत ठेवला. "मामा, बांध कोनाच्या जिवावर उभा हाय ते मना तुमीच दाखवलंत."

"शेतावर आता कोन जगतं गो? पोरगा शिफ्टला जाईल, पगार येईल."

"आनि खांड गेली मंग?"

"ती जाईल तवा बघू."

वैशू उठली. तिला इतकी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. कोलंबीची पिशवी त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "तुमी दुसरे कोनी असतात तर वाईट नसतं वाटलं." मामा खाली मान घालून गेला. गुणाजीकाकांनी पुढची मूर्ती रंगवायला घेतली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यांनी तरी काय बोलायचं.

महिना भरायच्या आत वैशूला काम संपलं म्हणून घरी पाठवलं. काम संपलेलं नव्हतं, अर्धी खाडी बाकी होती. तिने आखलेल्या फिल्म ऑफिसच्या कपाटात राहिल्या. लाथाडली म्हणे नोकरी! तिला काढली, एवढं तरी नीट बोला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात जेटीसाठी पेणला जनसुनावणी झाली, एका लग्नाच्या हॉलमध्ये. आम्ही दोघी मागच्या रांगेत. पुढे टेबलामागे सुनावणीचे अधिकारी, बाजूला हैबतराव, आणि लाकडी स्टँडवर मोठा नकाशा. गावापुढची पट्टी सपाट पिवळी, पडीक खाजण. हैबतरावांनी माईक घेतला. "शंकेला जागाच नाही. हा नकाशा तुमच्याच भागातल्या मुलीने, याच गावच्या भाचीने केलेला आहे," असं म्हणून त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. रेखाटन, वैशाली गुणाजी म्हात्रे.

माझ्या शेजारी खुर्ची सरकली. वैशू उभी होती. "ही रेघ माझी नाय," ती म्हणाली.

"बाई, नाव तुमचंच आहे," हैबतराव म्हणाले. "नोकरी गेली की माणूस काहीही बोलतं." चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या काय असतात?

अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडे काही पुरावा? तिने सांगितलं, माझी फिल्म यांच्याच कपाटात आहे. लोक हसले. कोण लोक? मामाच्या गावचे, तिला अंगाखांद्यावर खेळवलेले. एकजण ओरडला, "बस खाली गो! पोरांच्या पोटावर पाय देतेस काय?" मी काहीतरी ओरडले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा मधल्या रांगेतून कान्हूमामा उभा राहिला. शेजारी मामी, ठमाबाई, तिने त्याच्या सदऱ्याला धरून खाली ओढलं. तो बसला नाही. "सायेब, ती रेघ तिची नाय," तो म्हणाला. "मी सोता गेलतो तिच्याकडं, खोटी काढ म्हनून सांगायला. माझ्या पोराच्या नोकरीसाठी. तिनं मना दारातून परत धाडला. सख्ख्या मामासाठी नाय काढली तिनं, ती ह्यांच्यासाठी काढेल काय?"

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग तिथे तिवरं आहेत की नाहीत?"

"हायेत ना. ओहोटी लागली की चला, दाखवतो."

आणि ते गेले, खरंच. अधिकारी पुढे, मामा त्यांच्या हाताला धरून, आणि हैबतराव पहिल्यांदा जीपमधून उतरलेले, बूट हातात, मांडीपर्यंत चिखलात. मी बांधावर उभी राहून पोटभर बघितलं. जेटी थांबली. नकाशा नव्याने करायचा ठरला आणि त्या कामाला वैशूला घेतलं, तेही रोजंदारीवर. तिवरं तिथेच आहेत, बांधही आहे. नितेशला कोणी कंपनीत घेतलं नाही, आणि गावाने मामाशी बोलणं सोडलं. ज्या बांधासाठी तो उभा राहिला, त्याच बांधाच्या डागडुजीला त्याला कोणी हाक मारली नाही. हा माझा राग मरेपर्यंत जाणार नाही.

वैशूही त्याच्याशी बोलत नव्हती. खरं बोलला म्हणून आधीचं पुसलं जात नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला समजवायला गेले नाही. मलाही तसंच वाटत होतं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मामा हमरापूरला आपली मूर्ती न्यायला आला. रंग झाला होता, डोळे राहिले होते. गुणाजीकाका म्हणाले, मी काढून देतो. मामा मूर्तीपाशी उभा राहिला आणि वैशूकडे बघून म्हणाला, "वैशूनंच काढावेत."

"मी रागावलेली हाय, मामा. अजून."

"मना माहीत हाय. रागावलेली ऱ्हा. पन डोळे तू काढ."

वैशूने मूर्ती आपल्याकडे वळवून घेतली. मग पाट ओढून बसली, कुंचला भिजवला, श्वास धरला. एक डोळा झाला, दुसरा झाला. मी जवळून बघितले, दोन्ही डोळे शांत होते. मामाने आपल्या डोळ्यांना उपरणं लावलं.

वैशूने कुंचला वाटीत ठेवला. "राग आला म्हनून माझी रेघ वाकडी जात नाय," ती म्हणाली, आणि मूर्ती उचलायला तिने दुसऱ्या बाजूने हात लावला.