खाली घातलेली मान

"नजर चुकवतो. भरवशाचा नाही."

साहेबांनी मोठ्याने वाचलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्यावर मीच होतो. मान खाली, पापण्या मिटल्यासारख्या. शेजारचे दोन इंजिनियर हसले. साहेबही हसले. साहेब आपलेच, पुण्याचे. इकडे हवल्ली भागात त्यांच्या घरच्या गणपतीचं मखर दरवर्षी मीच ठोकून देतो आणि आरतीला सगळ्यांच्या मागे उभा राहतो.

चौदा वर्षं कुवेतमध्ये पाइप जोडतोय. माझा एक जोड गळल्याचं कुणी दाखवावं. फोरमनची जागा निघाली, मी अर्ज केला. फोरमन झालो असतो तर पगार कुटुंबाच्या व्हिसाच्या नियमात बसला असता, बायकोला इकडे आणता आलं असतं. लग्न झाल्यापासून आमचा संसार फोनवरच चाललाय. तिने नवी बॅगसुद्धा घेऊन ठेवली होती.

अर्जासाठी ऑफिसातल्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. मला वाटलं, साहेब नंतर बघतील. म्हणून मोठ्या माणसासमोर बोलतात तसा मान खाली घालून बोललो. पण बघणारा माणूस कुणी नव्हताच. यंत्राने नजर, चेहरा, आवाज तपासून गुण दिले. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

लहानपणी बापाबरोबर खोताच्या अंगणात उभा राहायचो. खोती कायद्याने कधीच गेली होती, त्या अंगणातून गेली नव्हती. "मान खाली ठेव. तोंडाकडं बगू नको," बाप पुटपुटायचा. एकदा मी बघितलंच. बापाने माझ्या कानाखाली वाजवली, खोताला दिसेल अशी. घरी येऊन तोच रडला. पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला मान खाली घालायला लावली, आणि आता तीच आमचा दोष ठरली.

"सिस्टिमने ठरवलंय, मी काय करणार?" साहेब म्हणाले. मग इंजिनियरांकडे वळून सांगू लागले की अमेरिकेतल्या काही राज्यांत असं परस्पर करता येत नाही. माणसाला आधी कळवावं लागतं, यंत्र काय तपासतं ते समजावून द्यावं लागतं, तसा कायदाच आहे. "इथे कोण विचारतंय?"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी मान खाली गेली नाही.

ते पाहून साहेब जरा नरमले. पुन्हा रेकॉर्डिंग कर, म्हणाले, फक्त वर बघून बोल, बाकी मी सांभाळतो. घास तोंडाशी आला होता. मला बायकोची बॅग आठवली.

"मी विचारतोय," मी म्हणालो. "यंत्राने काय मोजलं ते लिहून द्या. आणि माझं काम माणसाला बघू द्या. त्याशिवाय मी त्या फोनसमोर बसणार नाय."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. जागा दुसऱ्याला गेली.

बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बॅगेत तांदूळ भरून ठेवते. उंदीर लय झालेत." मंगफच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहतो. भिंतीकडे तोंड करून रडलो.

यंदा मखर ठोकायला गेलो नाही. ऑफिसात मात्र दर आठवड्याला जातो. यंत्राने काय मोजलं ते द्या, असा अर्ज पुन्हा लिहून टेबलावर ठेवतो आणि साहेबांच्या डोळ्यांत बघत उभा राहतो. ते कागद चाळतात, वर बघत नाहीत. उत्तर हातात पडेपर्यंत मी जात राहणार, आणि तिथून मान खाली घालून परत येणार नाही.