पराग डॉक्टर आणि फळीवरचे दात

पराग डॉक्टर माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, दातांकडे बघत. दवाखान्याखालच्या मसाल्याच्या दुकानाचे मालक वारले तेव्हा डॉक्टर भेटायला गेले होते. दहा मिनिटांत जिना चढून परत आले, हात धुतले आणि मला म्हणाले, "मावशी, मुलाचे वरचे चार पार वाकडे आहेत. तेरावं होऊ दे, मग बोलतो त्याच्याशी." आणि खरंच बोलले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.

लालबागला त्यांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काम केलं. एवढ्या वर्षांत त्यांना माझं नाव ठाऊक झालं नाही, पण माझा वरचा डावा सुळा पुढे आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "कधीतरी करून टाकू, मावशी." हे वाक्य ते दर दिवाळीला बोलायचे. साडीबरोबर.

दवाखाना मूळचा त्यांच्या वडिलांचा. तेव्हा गिरणीतले लोक दाढ काढायला यायचे म्हणतात. मुलाने दाढा काढणं जवळजवळ बंद केलं आणि पाटीवर 'स्टुडिओ' लिहिलं. आत वडिलांचा हार घातलेला फोटो होता. त्या फोटोतले वडिलांचे दातसुद्धा डॉक्टरांनी फोटोवाल्याकडून पांढरे करून घेतले होते. मला रोज तो फोटो पुसताना वाटायचं, मेलेल्या माणसालाही यांनी सोडलं नाही.

त्यांची एक रीत होती. पेशंट खुर्चीवर आडवा झाला की मोठा दिवा लावायचा. हवेच्या नळीने दात कोरडा करायचा. मग दातांच्या रंगाच्या तुकड्यांची एक पट्टी असते, त्यातला सगळ्यांत पांढरा तुकडा दाताशेजारी धरायचा आणि पेशंटच्या हातात आरसा द्यायचा. बोलायचं काहीच नाही. कोणाचाही दात त्या तुकड्याशेजारी पिवळाच दिसणार. तो रंग माणसाच्या दाताचा नव्हताच, वॉशबेसिनचा होता. पेशंट आरशात बघून गप्प झाला की डॉक्टर खुर्ची जवळ ओढायचे. "हसणं म्हणजे माणसाचं व्हिजिटिंग कार्ड असतं," असं सुरू व्हायचं.

मग व्हिनियर. व्हिनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायची पोर्सिलेनची पातळ चकती. नखाएवढी पातळ. चांगली बसवली तर खालचा दात होता तसा राहतो. पण डॉक्टरांना पातळ काम करायला वेळ नसायचा. ते आधी मशीनने दात तासायचे, चहूबाजूंनी, पेन्सिलीला टोक काढावं तसा, आणि वर जाड टोपी बसवायचे. नाव मात्र व्हिनियरच. तासणं हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. "हलकं शेप करू," म्हणायचे. पेशंटने घाबरून विचारलं की ठरलेलं उत्तर होतं, "केस कापतो तेवढंच समजा."

केस वाढतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही मी बाजूला उभी राहून थुंकी ओढायची नळी पेशंटच्या तोंडात धरायचे. त्या नळीला पुढे एक जाळी असते. संध्याकाळी ती मी धुवायचे. जाळीत पांढरा गाळ साठलेला असायचा, तांदूळ वाटल्यावर पाट्याला राहतो तसा. ते माणसांचे दात होते. चांगले, न किडलेले.

माझं आणखी एक काम होतं. दाताला हात लावण्याआधी डॉक्टर त्याचा ठसा घेत. त्यात प्लास्टर ओतलं की पेशंटच्या दातांचा जसाच्या तसा पांढरा साचा तयार होई. तो साचा फळीवर ठेवायचा आणि खाली पेन्सिलीने नाव लिहायचं. शाळा माझी चौथीत सुटली, पण अक्षर बरं आहे, म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. साचे वाढत गेले तसा सुताराने आणखी फळ्या ठोकल्या. पेशंट घरी जायचा तो नवे दात घेऊन. त्याचे जुने दात कसे होते, ते फक्त फळीवर उरायचं.

परळच्या सावंतबाई मला विसरता येत नाहीत. मुलाने टीव्हीएवढा फोटो काढून भिंतीवर लावायचा म्हटलं म्हणून पुढचे आठ दात करून गेल्या. तीन महिन्यांनी गाल धरून परत आल्या. डॉक्टर आतल्या खोलीत फोनवर होते, तर बाकड्यावर माझ्याशीच बोलत बसल्या. "काय सांगू तुका, थंड पाणी लागलां की डोक्यात कळ जाता. पेरू खाऊन तीन महिने झाले. फोटो बरो इलो पण." फोन संपवून डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या तोंडात बघितलं आणि म्हणाले, "काकी, दात एकदम फर्स्ट क्लास बसलेत. कोमट पाणी प्यायची सवय चांगलीच असते." पुढे त्यांच्या दोन दातांच्या मुळांत औषध भरावं लागलं. तेही काम डॉक्टरांनीच केलं आणि जाताना सावंतबाईंनी त्यांना हात जोडले. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. त्यांचा जुना साचा फळीवर तिसऱ्या रांगेत होता. एक दात जरा तिरका, बाकी सगळे धडधाकट.

इतकी वर्षं माझी समजूत होती की बिचाऱ्याला दुसरं काही येत नसेल. ज्याला जेवढं येतं तेवढं तो करतो. या समजुतीवर मी नळी धरत होते.

मग त्यांची मुलगी आली. सानिका. कॉलेजात होती, पुढच्या दोन दातांत फट होती आणि ती बुजवायची होती. डॉक्टरांनी त्या दिवशी बाकीचे पेशंट घेतले नाहीत. ठसा घेतला, साचा झाला. त्याच ठशातून दुसरा साचा ओतून त्यावर त्यांनी स्वतः बसून मेणाने दोन दात रुंद करून बघितले. मग तसाच नमुना तिच्या तोंडात तात्पुरता लावून तिला हसायला लावलं, बोलायला लावलं. सानिका म्हणाली, "बाबा, एवढं काय करत बसलात, शेप करा ना पटकन. सगळ्यांना करता तसं." तेव्हा डॉक्टर तिच्यावर जवळजवळ ओरडलेच. "वेडी आहेस का? दात परत उगवत नाहीत, सानू."

आठवड्याने चकत्या बनून आल्या तेव्हाही तिला इंजेक्शन दिलं नाही. मशीन दाताला लागलं नाही. निळं जेल लावलं, धुतलं, दोन पातळ चकत्या चिकटवल्या, त्या घट्ट व्हायला दिवा धरला. संध्याकाळी मी जाळी धुवायला काढली तर त्यात काहीच नव्हतं. स्वच्छ जाळी मी तशीच परत नळीला लावली. या माणसाला सगळं येत होतं.

त्यानंतर मला त्यांचा राग येईना, किळस यायला लागली. तरी मी कामावर जात राहिले. हेही लिहायला हवं.

पुढच्या वर्षी माझ्या भावाच्या मुलीचं, स्वप्नाचं, लग्न ठरलं. मुलगी हसरी. तिच्याही पुढच्या दोन दातांत फट. बघायला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, बाकी छान आहे, फोटोत तेवढी फट दिसेल. झालं. माझ्याकडे आली. "आत्या, तुझ्या डॉक्टरांकडेच करूया ना. ते तुला ओळखतात."

"मला ते मावशी म्हणून ओळखतात," मी म्हटलं. "दात तासतात गं ते. अख्खे."

"सगळेच करतात, आत्या. मी रील बघितलंय." भाऊ जेवता जेवता म्हणाला, "तू काय डॉक्टर आहेस?" ठसा झाला, साचा झाला, त्यावर 'स्वप्ना' मीच लिहिलं.

ठरलेल्या दिवशी ती खुर्चीवर आडवी झाली. दिवा, हवेची नळी, पांढरा तुकडा, आरसा. ताटलीत इंजेक्शन भरून ठेवलेलं. खाली मिरची कांडत होते, तिचा ठसका वर येत होता.

"वरचे आठ करू," डॉक्टर म्हणाले.

"फट तर दोघांतच आहे," स्वप्ना म्हणाली.

"दोनच केले तर बाकीचे पिवळे दिसतील, डिअर. लग्नाचा अल्बम आयुष्यभर राहतो."

"दुखेल का?"

"केस कापतो तेवढंच समजा."

मी नळी हुकाला अडकवली आणि फळीकडे गेले. सानिकाचा साचा आणि स्वप्नाचा साचा काढले आणि इंजेक्शनच्या ताटलीत शेजारी शेजारी ठेवले.

"हे काय, मावशी?"

"एक सानिकाताईंचा, एक हिचा." मी दोन्हींवर बोट ठेवलं. "फट सारखीच आहे. सानिकाताईंना तुम्ही म्हणालात, दात परत उगवत नाहीत."

बाहेरच्या बाकड्यावर तीन पेशंट बसले होते. मधली भिंत प्लायवूडची. त्यांचं बोलणं थांबलं ते मला कळलं, डॉक्टरांनाही कळलं. ते हसले. "तुम्हाला यातलं काय कळतं, मावशी?"

"कळत नाही," मी म्हटलं. "जाळी मी धुते. सानिकाताईंच्या दिवशी जाळीत काही नव्हतं."

स्वप्ना उठून बसली. "आत्या, सानिका कोण?"

"त्यांची मुलगी."

तिने दोन्ही साचे उचलून बघितले, एकदा हा, एकदा तो. गळ्यातला रुमाल काढून मांडीवर ठेवला. "मग मलाही तिच्यासारखंच करा, डॉक्टर. नाहीतर राहू दे फट. सासरचे मला घेऊन चाललेत, फोटोला नाही."

बाहेर कोणीतरी खाकरलं. डॉक्टरांनी दिवा बंद केला आणि म्हणाले, "ठीक आहे. टाइम लागेल."

तीन वेळा बोलावलं. मेण, नमुना, मग चकत्या. फक्त दोन दात, आणि जाळी स्वच्छ. स्वप्नाचे दात इतके सुरेख झाले की कुठे काय केलंय ते मला जवळून बघूनही सापडेना. याच हाताने त्यांनी सावंतबाईंचे आठ दात तासले होते. हात वाईट असता तर मी त्यांना माफ केलं असतं.

स्वप्नाचं काम संपलं त्यानंतरच्या सोमवारी डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, त्या सगळ्या फळ्या रिकाम्या करा. धूळ फार होते." वर्षानुवर्षं धूळ मीच पुसत होते, तेव्हा ती त्यांना दिसली नव्हती. तीन पोती भरली. एकेक साचा टाकताना मी नाव वाचत होते, माझ्याच अक्षरातलं. कोणाचा दात तिरका, कोणाचा थोडा तुटका, कोणाला फट. पोती जिन्यावरून खाली नेताना आत साचे फुटल्याचा आवाज येत होता. कचऱ्याच्या गाडीवाल्याने विचारलं, "काय आहे, फरशी?" मी हो म्हटलं.

त्या महिन्याच्या शेवटी मी काम सोडलं. डॉक्टरांनी अडवलं नाही. "जाण्याआधी कोणीतरी बाई बघून द्या," म्हणाले. "लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल."

स्वप्नाचं लग्न परळच्या हॉलमध्ये झालं. भावाने डॉक्टरांना पत्रिका दिली होती आणि ते आले. स्टेजवर चढले, स्वप्नाची हनुवटी दोन बोटांनी उचलून तोंड उजेडाकडे वळवलं आणि तिच्या सासूबाईंना म्हणाले, "माझं काम. दाताला मशीन लावलेलं नाही. माझं पहिल्यापासून प्रिन्सिपल आहे, नैसर्गिक दाताला हात लावायचा नाही." सासूबाई कौतुकाने बघत राहिल्या आणि शेजारच्या बाईंनी त्यांचं कार्ड मागून घेतलं. भाऊ सांगतो, आता पाटीवरही तेच लिहिलंय, 'नैसर्गिक दात जपणारे'. मी त्या रस्त्याने जात नाही.

खाली उतरल्यावर ते माझ्यासमोर आले. सवयीने नजर माझ्या तोंडावर. "मावशी, तुमचा तो सुळा अजून तसाच आहे. या एकदा. न तासता करतो."

तासणं हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मी पदर तोंडावर धरला. "माझे राहू द्या," म्हटलं. बघायला दात उरले नाहीत, म्हणून त्यांना नजर वर करून माझ्या डोळ्यांकडे बघावं लागलं. फार वेळ जमलं नाही त्यांना. आइस्क्रीमच्या रांगेत एक बाई मोठ्याने हसत होती, तिकडे वळले.