हिरवा भंडारा

अक्षय्य तृतीया, सकाळी साडेदहा. फोटोच्या कामाची ठरलेली रक्कम साडेचार हजार रुपये. त्यात दोनशे माहितीपत्रकं आणि एक बॅनर. हजर चौघे: प्लॉट विकणारे शेठ, ज्यांच्या रानावर ते प्लॉट पडणार होते ते धनगर आबा, फोटो काढायला माझा मेहुणा, आणि सुट्टी होती म्हणून त्याची पिशवी धरायला मी. मेहुण्याचा औरंगपुऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. मी सहकारी बँकेत हिशेब बघतो.

रान बायपासच्या पलीकडे होतं. पाऊस न झालेलं ते लागोपाठ दुसरं वर्ष. शहर मात्र त्या बाजूला वाढतच होतं. शेठनी सगळ्यात आधी कमान उभी केली होती आणि तिच्यावर ‘ग्रीन’ हा शब्द होता. कमानीखालून आठवड्यातून एकदा टँकर जायचा. बाकी जमीन म्हणजे करपलेलं गवत, एक कडुलिंब आणि आबांचं दोन खोल्यांचं घर. तेवढी जागा आबांनी विकली नव्हती.

भूमिपूजन झालं. आबांनी खंडोबाचं नाव घेऊन भंडारा उधळला. जमिनीवर, आमच्यावर, शेठच्या पांढऱ्या सफारीवर आणि मागे उभ्या असलेल्या मेंढरांवर. मेहुण्याने फोटो काढला. आबा म्हणाले, “एक मला बी द्या. मेंढरासकट.”

आता त्या फोटोवर चालवलेल्या इफेक्टबद्दल सांगतो. प्लॉटवाल्यांना माहितीपत्रकात हिरवळ लागते आणि दुष्काळात ती असत नाही. मेहुणा ती संगणकावर ब्रशने रंगवायचा. एकरी दीड दिवस लागायचा. तो मला म्हणाला होता, “दाजी, तुम्ही एवढी व्याजं काढता, गवताचं एखादं सूत्र काढा की.” फोटो दुरुस्त करायच्या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा इफेक्ट लिहायची सोय होती. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, शून्य ते दोनशे पंचावन्न. आकड्यांचं काय करायचं ते चौकटीत लिहायचं. एवढंच असेल तर ते माझं कामच आहे.

वाळलेल्या गवतात लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याहून कमी, निळा सर्वांत कमी. मी लिहिलं, असा ठिपका दिसला की लाल आणि हिरव्या आकड्यांची अदलाबदल करा. पहिल्या चाचणीत गवत सुंदर हिरवं झालं आणि मेहुणाही झाला, कारण माणसाच्या कातडीतही आकड्यांचा क्रम हाच असतो. मग स्टुडिओतले पन्नासेक पासपोर्ट फोटो तपासले. कातडीत लाल आणि हिरव्यातला फरक चाळीसच्या वर जातो, गवतात पंचवीसच्या आसपास राहतो. तेव्हा अट घातली, फरक चाळीसच्या आत असेल तरच अदलाबदल. माणसं माणसांच्या रंगाची राहिली. इफेक्टला मेहुण्याने ‘पाऊस’ असं नाव दिलं आणि त्यावर चार लेआउट हिरवे केले.

पाचवा हा. भूमिपूजनाच्या फोटोवर त्याने त्याच दुपारी ‘पाऊस’ चालवला, मूळ फाईलवरच सेव्ह केला, आणि संध्याकाळी मुहूर्ताची तीन लग्नं होती म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड कोरं केलं.

माहितीपत्रकं छापून आली तेव्हा मी स्टुडिओतच होतो. शेठ बघत होते.

“ये हरा क्या है, मागं?”

“टँकर आहे, शेठ. पिवळा होता,” मेहुणा म्हणाला.

“राहू द्या. झाडीत लपला, चांगलंय. आन् माझी सफारी?”

“त्यावर भंडारा उडाला होता.”

“आन् मेंढ्या?”

मेंढ्या हिरव्या होत्या. पोपटी नव्हे, गवताच्या हिरव्या. पुढच्या दोन-तीन तेवढ्या पायांवरून ओळखू येत होत्या. मेहुणा म्हणाला, शाईचा दोष असेल. मी पडद्यावर पाहिलं, तिथेही त्या हिरव्याच होत्या. शेठनी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. “चालतंय. इको वाटतंय,” ते म्हणाले आणि पत्रकं घेऊन गेले.

चौथ्या दिवशी आबा आले. नव्या टोपीत, आपला फोटो न्यायला. मेहुण्याने तो लॅमिनेट करून ठेवला होता. आबांनी तो खिडकीकडे धरला, मग दाराकडे धरला.

“भंडारा हिरवा कसा?”

“आबा, त्ये काम्प्युटरचं असतं.”

“देव काम्प्युटरचा हाय का? आन् मेंढरं कुठायत?”

मेहुण्याने बोट ठेवून दाखवली.

“ह्ये गवात हाय.”

“नाही आबा, ह्या मेंढ्याच.”

“मग लई बेस. चरायला रान नव्हतं, आता मेंढरंच चारा झाली.” ते हसले. मग खाली बसले. “दुसरा काढता येत नाय, बाबा. परवाच्या बाजारात समदी इकली. पाणी माणसालाच पुरंना. म्हनून तर म्हनलं व्हतं, मेंढरासकट काढ.”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मूळ फोटो कुठेच नव्हता.

मी आबांना चहा सांगितला आणि आकडे वाचायला बसलो. सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्यावर माउसच्या बाणाचं टोक ठेवलं की आकडे दिसतात. भंडाऱ्याचे आकडे काढले. मूळचे लाल दोनशे चाळीस, हिरवा दोनशे पाच असणार, फरक पस्तीस. माझ्या अटीत तो चोख बसत होता. माझ्या पन्नास पासपोर्ट फोटोंत भंडारा लावलेला एकही माणूस नव्हता, कारण पासपोर्टच्या फोटोला कोणी भंडारा लावून बसत नाही.

भंडाऱ्यात निळा फार कमी असतो. त्यावरून मी नवी अट लिहिली, निळा साठच्या आत असेल तर परत अदलाबदल. कपाळांवरचा भंडारा पिवळा झाला, सफारी झाली, टँकरही झाला.

“व्हय, आता देव आला,” आबा म्हणाले. “मेंढरं?”

मेंढरं येत नव्हती. पांढऱ्या लोकरीवर भंडारा विरळ पडलेला, त्यावर धूळ. त्यांचे आकडे आणि गवताचे आकडे दोन-चाराच्या फरकाने सारखेच. मी दहा ठिकाणी टोक ठेवलं, आकड्यांवरून मेंढी कुठली आणि दुष्काळ कुठला ते सांगता येत नव्हतं. मेहुण्याने ब्रश काढला आणि एक मेंढी हाताने पांढरी करून दाखवली.

“ही माझी नाय,” आबा म्हणाले. “हिच्या कपाळावर तांबूस डाग व्हता. तू धुतलीस व्हय?”

“दाजी,” मेहुणा हळूच म्हणाला, “दुष्काळ काढला की मेंढ्या जातात, मेंढ्या आणल्या की दुष्काळ येतो. कायतरी एकच होणार.”

ते ऐकून मला मार्ग दिसला. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, तिची उलट नोंद करतात. आकडे फक्त जागा बदलून बसले होते, पुसले गेले नव्हते. मी पत्रकाची ती हिरवी फाईल पुन्हा उघडली आणि ‘पाऊस’ संपूर्ण उलटा लिहिला. हिरवा जास्त असलेला प्रत्येक ठिपका परत फिरवला. एका झटक्यात सगळं रान करपलं. त्यात मेंढरं उभी राहिली, पांढरी, करडी, पाठीवर पिवळी पूड. आबा पुढे सरकले आणि बोटाने एकेक दाखवू लागले: ही लंगडी, ही पाटलाकडून आणलेली, ही हिची लेक. हिच्या कपाळावर डाग होताच.

मग त्यांचं बोट थांबलं.

“लिंब का वाळला?”

कडुलिंब त्या रानातली एकमेव खरी हिरवी गोष्ट. उलट नोंदीने तोही वाळला होता. खरा हिरवा आणि माझा हिरवा यांचा क्रम एकच.

“लिंब तेवढा हिरवा राहू द्या, साहेब. त्यो खरंच हिरवा व्हता.”

पडद्यावर त्याच्याभोवती कुंपण आखायला आणि आतला इफेक्ट काढायला पंधरा मिनिटं लागली. छपाई सुरू होती तेवढ्यात शेठ बॅनरची बाकी द्यायला आले आणि यंत्रातून निघणारा कागद त्यांनी पाहिला.

“अरे, ये क्या! आबा, तुमचं घर कमानीला लागून. गिऱ्हाइकं तुमच्याकडं पाणी प्यायला बसणार. हातात माझी हिरवळ आन् भिंतीवर ह्यो?”

“गिऱ्हाइकाला खिडकीतून बी दिसतंय की, शेठ.”

“खिडकीतलं वेगळं. फोटोतलं लोक खरं मानतात. हा मला द्या, हजार देतो.”

“मेंढरं इकली तवा भाव कुणी इचारला नाय,” आबा म्हणाले. “ह्यांचा नाय करायचा.”

“मग निदान ओसरीत लावू नका.”

“देवघरात लावायचाय. देवाला का हिरवा भंडारा दावू? आन् तुमची गिऱ्हाइकं देवघरात येत असली, तर फोटोआधी त्यांना चपला काढायला सांगा.”

शेठ हसले, मग हसायचे थांबले, मग सफारीच्या बाहीकडे पाहून म्हणाले, “मी पण आहे की ह्यात. पिवळा.” आणि कागद वाळेपर्यंत थांबले.

मेहुण्याने फोटोचे पैसे घ्यायला नकार दिला. आबांना ते पटलं नाही. फुकटचा फोटो देवापुढे ठेवता येत नाही म्हणाले. दोघांची दारातच हुज्जत झाली. अखेर एका गोष्टीवर जमलं: फोटो मेहुण्याचा, फ्रेमचे पैसे आबांचे. शेठनी बाकीचे दोन हजार मेहुण्याला दिले. आम्ही रिक्षाने शहागंजला गेलो, रिक्षाचे चाळीस मी दिले, आणि फ्रेमचे साडेतीनशे रुपये आबांनी घासाघीस न करता काउंटरवर फ्रेमवाल्याला दिले.