दिवेमामांचा काळोख

अंधार नीट पडला की नाही, हे मोजायचं दिवेमामांचं स्वतःचं एक माप होतं. खोकला. नाटकातला प्रवेश संपताना दिवे फटकन गेले, की प्रेक्षागृहात दहाबारा माणसं हमखास खोकतात, खुर्च्या करकरतात, एखादं पोर मोठ्यानं विचारतं, "संपलं?" आणि दिवे असे उतरले की उतरताहेत याचा कुणाला पत्ताच लागू नये, तर आठशे माणसं श्वास धरून बसतात. खोकला आला तरी गिळतात. छत्तीस वर्षं मामा रंगमंचाच्या बाजूला, लोखंडी जिन्यावरच्या एका फळीवर बसून हे खोकले मोजत होते. ज्या दिवशी एकही नाही, त्या दिवशी स्वारी शीळ घालत घरी जायची.

नटांशी त्यांची भांडणं व्हायची ती यावरूनच. एका बड्या नटाला मरतानासुद्धा तोंडावर उजेड लागायचा. "अहो मामा, मी मरतोय ते लोकांना दिसायला नको?"

"तुम्ही मेलात एवढं कळलं की बास," मामा वरून म्हणाले. "किती वेळ लावून मरता, ते कशाला दाखवायचं?"

नट आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी धापा टाकत जिना चढून वर आला आणि म्हणाला, "करा बाबा तुमच्या मनासारखं." त्या रात्री तो मामांच्या अंधारात मेला आणि पडदा पडल्यावरही टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. मग सुचलं, तेव्हा मात्र थांबेचनात.

पुढे नाट्यगृहात संगणकाचा बोर्ड आला. एका बटणावर चाळीस दिवे. मामांनी तोही शिकून घेतला, दोन वर्षं चालवला आणि वय झालं तेव्हा कुरकुर न करता घरी बसले. निघताना त्यांनी एकच वस्तू मागून घेतली, भंगारात निघालेला तीन दांड्यांचा लाकडी डिमर. एकेक दांडी एकेका दिव्याची. वर ढकलली की उजेड, खाली ओढली की अंधार, आणि मधल्या वीतभर अंतरात मामांचा सगळा जन्म.

त्यांची धाकटी बहीण शहराच्या कडेला राहायची. वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करून तिची पाठ धरली, तेव्हा तिनं घरामागच्या लांबट खोलीत कोंबडीची पिल्लं वाढवायला घेतली. एका दिवसाची पिल्लं आणायची, महिनाभर उबेत सांभाळायची, आणि पिसं फुटून अंगात जीव आला की परसात चार कोंबड्या पाळणाऱ्यांना द्यायची. बाई हौशी. पहिल्याच खेपेला तीनशे आणली.

ऊब म्हणून तिनं मोठाले बल्ब लावले होते. रात्रभर दिवस. पिल्लं झोपेचनात, आणि जागरणानं पिसाळून एकमेकांची शेपटं टोचायला लागली. कुणीतरी सांगितलं, रात्री अंधार करत जा. म्हणून तिनं उजेड न देता नुसती धग देणारा हीटर आणला, पत्र्याच्या छत्रीखाली टांगला, आणि नवव्या रात्री खोलीतला दिवा बंद केला. खटकन. जन्मल्यापासून अंधार कसा असतो हे ज्यांना ठाऊकच नव्हतं, ती पिल्लं एकच कल्ला करत कोपऱ्याकडे धावली आणि एकमेकांवर चढली. थोड्या वेळानं आवाज थांबला. धाकटीला वाटलं, चला, झोपली. सकाळी ढिगाच्या तळाशी ब्याण्णव पिल्लं गुदमरून मेलेली सापडली.

दुसऱ्या खेपेची पिल्लं आली, त्या दुपारी तिनं मामांना फोन केला. "दादा, तुझं ते अंधार करायचं यंत्र घेऊन ये."

मामा डिमर पोत्यात बांधून बसनं आले. दारात मेहुणे उभे. मेहुणे बस चालवायचे, त्यामुळे बोलणं हॉर्नसारखं. "या दिवेमामा, या! आता कोंबड्यांचं नाटक का? पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवा आमच्यासाठी."

"तुम्ही घोरता," मामा म्हणाले. "तुम्हाला शेवटची रांग."

खोलीत आता कोपरा नव्हता. धाकटीनं पत्र्याचं गोल कुंपण केलं होतं, आत चार बोटं भाताचं तूस पसरलं होतं, मधोमध छत्री. तीनशे पिवळे गोळे दाणे टिपत, पाण्यात पाय घालत, एकमेकांना तुडवत फिरत होते. मामा स्टूल घेऊन बसले ते उठेचनात. धाकटीनं एक पिल्लू त्यांच्या हातात दिलं. "त्याचे पाय गालाला लाव. गार लागले तर समजायचं, ऊब पुरत नाही. आणि ही बघ गळ्याखालची पिशवी. भरलेली असली की मऊ लागते. उपाशी पिल्लू झोपत नाही."

मामांनी पिल्लू गालाला लावलं. त्यानं त्यांची मिशी ओढली.

"पाय गरम आहेत," मामा म्हणाले. "स्वभावही."

त्या संध्याकाळी कुंपणावर तीन बल्ब टांगून मामांनी तिन्ही दांड्या हातात घेतल्या. वीस मिनिटं घेतली. तिन्ही दिवे एकदम, केसाकेसानं खाली. पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस, तांबूस कधी विझला ते मामांनाही सांगता आलं नसतं. एकही पिल्लू दचकलं नाही. मामा अंधारात स्वतःशीच हसले. इतका साफ काळोख त्यांनी भर नाट्यगृहातही कधी केला नव्हता.

मग एक पिल्लू ओरडलं. बारीक, लांब सुरात, हरवलेल्या पोरासारखं. त्याला दुसऱ्यानं साथ दिली. मग विसांनी, मग शंभरांनी.

झालं होतं असं, की अंधार पडला तेव्हा जो जिथे होता तिथेच राहिला. कुणी पाण्याशी, कुणी दाण्याशी, निम्मी पार कुंपणाच्या कडेला. हीटर काही दिसत नव्हता. वीतभर अंतरावर ऊब आहे, हे अंधारात त्यांना सांगणार कोण? गार पडायला लागली तशी ती शेजारच्याच्या अंगात शिरायला लागली, आणि कडेला पुन्हा तो ढीग चढायला लागला. धाकटी टॉर्च पेटवून कुंपणात उतरली. कोपरापर्यंत हात घालून तिनं ढीग उसकटला, ओंजळी भरभरून पिल्लं छत्रीखाली सोडली. पहाटेपर्यंत दोघं बहीणभाऊ तेच करत होते. तरी दोन गेली.

सकाळी धाकटीनं चहा समोर ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं, "दादा, मी मोठ्या पोल्ट्रीवाल्याला फोन केलाय. उद्या नऊला तो क्रेट घेऊन येतोय. सगळी घेऊन जाऊ दे त्याला. आजची रात्र दिवे चालू ठेवते. झोपोत न झोपोत, जिवंत तरी देईन."

"आणि मग?"

"मग काही नाही. ते ढिगात हात घालणं माझ्यानं पुन्हा व्हायचं नाही."

मेहुण्यांनी थट्टा करायला तोंड उघडलं आणि बायकोचा चेहरा बघून घोटभर चहा पिऊन मिटलं.

मामांच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. दिवसभर पिल्लं बघत राहिले. जेवायला हाक आली तर "हो" म्हणाले आणि हलले नाहीत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, म्हणून मान वाकडी करून बघायचे. दुपारी तीनच्या सुमारास स्वतःच्या कपाळावर हात मारून ओरडले, "ठमे!"

धाकटी बावन्न वर्षांची होती, पण मामांपुढे ठमीच. ती पदराला हात पुसत धावत आली. "काय झालं? मेलं का अजून एखादं?"

"अगं, मी गाढव आहे."

"एवढं सांगायला बोलावलंस?"

"ऐक तर. नाट्यगृहात मी अंधार करायचो तेव्हा लोक आपापल्या खुर्चीत बसलेले असायचे. बसवायचं काम माझं नव्हतंच कधी. दारावरचा माणूस टॉर्च मारून एकेकाला जागा दाखवायचा. छत्तीस वर्षं त्याच्या जिवावर मी तोरा मिरवला. इथं लोक दारात उभे आहेत आणि मी दिवे घालवून बसलो!"

धाकटी पत्र्याच्या कुंपणाशी येऊन टेकली.

"तिन्ही दिवे एकदम नाही उतरवायचे," मामा म्हणाले. "कडेचा आधी. मग मधला. आणि छत्रीखाली एक बारकासा दिवा, ऊब असेल तिथे. उजेड सरकत सरकत तिकडे गेला की ही मंडळी त्याच्या मागे आपल्या पायानं जातील. सगळी जागेवर बसली, की मग तो विझवायचा. मला एकच रात्र दे."

"एक जरी तसं लांब सुरात ओरडलं, तर मी खोलीतला मोठा दिवा लावणार."

"लाव. मी हात धरणार नाही."

छत्रीखाली मावेल एवढा बल्ब घरात नव्हता. मामांनी गपचूप फ्रिजचा काढला. मेहुण्यांनी तो हातात बघितला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "म्हणजे रात्री भूक लागली तर मी चाचपडायचं?"

"तुमच्या हाताला वाट माहीत आहे," धाकटी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा ती नवऱ्याशी धड काही बोलली होती.

संध्याकाळी खिडक्यांवर गोणपाटं लावली. दाणा दिला, पाणी दिलं, धाकटीनं पंचवीस-तीस पिल्लांच्या गळ्याखाली बोट लावून पाहिलं. सगळ्यांच्या पिशव्या मऊ. मामा डिमरवर बसले. पण तिथून त्यांच्या अधू डोळ्याला छत्रीखालचं काही दिसेना, म्हणून धाकटी गोणपाट अंथरून कुंपणाला लागून पालथी झोपली, हनुवटी तुसाच्या पातळीला.

मामांनी कडेची दांडी ओढायला घेतली. कडेला सावली धरली. तिथली पिल्लं क्षणभर थबकली, इकडेतिकडे पाहिलं, आणि बाजार उठल्यासारखी रमतगमत मधे आली. जाता जाता दाणे टिपत. पाव तासानं मधली दांडी हलली.

"थांब," धाकटी पुटपुटली. "पाण्याशी दहाबारा आहेत अजून."

मामा थांबले.

"हां. आता थोडं. थांब, थांब. एक परत फिरलंय."

"उचलून ठेवू का?" दारातून मेहुणे. केव्हाचे येऊन उभे होते कुणास ठाऊक.

"हात लावायचा नाही," मामा म्हणाले. "ढकलून आलेला माणूस सबंध वेळ चुळबुळ करतो."

ते एक पिल्लू पाण्याच्या भांड्याशी उभं होतं. पाणी प्यायलं. मान वर करून गिळलं. पुन्हा प्यायलं. तीन मोठी माणसं त्याच्या तहानेची वाट बघत ताटकळत होती. मामांचा हात दांडीवर तसाच तोललेला, दंड भरून आला तरी हलला नाही. शेवटी त्या महाशयांना आपण एकटेच राहिलो हे कळलं आणि ते तुरुतुरु छत्रीखाली पळाले.

"आलं," धाकटी म्हणाली. "सगळी आली. पसरून बसलीत रे दादा. मधे जागा सोडून."

आता उरला फ्रिजचा दिवा. तो उतरवायला मामांनी पंचवीस मिनिटं घेतली. आधी पिल्लांची चिवचिव होती. मग ती मऊ पडली, घशातल्या घशात घरघरल्यासारखी, पोट भरलेलं तान्हं कुशीत करतं तशी. मग तीही तुटक झाली. धाकटी जिवाचा कान करून पडून होती. तिचा हात उशाशी ओढून ठेवलेल्या मोठ्या दिव्याच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. कारण शांतता म्हणजे काय, हे ओळखण्यात ती एकदा चुकली होती.

तिनं टॉर्चवर तळवा धरला आणि बोटांच्या फटीतून येईल तेवढाच लालसर उजेड आत सोडला. पिल्लं छत्रीखाली पसरली होती. कुणी मान पुढे टाकून, कुणी एक पाय लांब करून, कुणी शेजाऱ्याच्या पाठीवर चोच ठेवून. एकावर एक कुणीच नाही. तिनं एकाच्या अंगावर बोट ठेवलं. ऊन होतं, आणि श्वासानं वरखाली होत होतं.

तिनं टॉर्च विझवला. तासाभरानं पुन्हा पाहिलं, दोन तासांनी पुन्हा. मामा स्टुलावरून हलले नव्हते. डिमरवर हात ठेवून बसल्या बसल्या त्यांना झोप लागली होती, आणि मेहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर स्वतःचा बसवाल्याचा कोट टाकला होता.

सकाळी नऊला पोल्ट्रीवाला आला. गाडीतून क्रेट उतरवत म्हणाला, "चला, कुठे आहे माल? किती मेली रात्री?"

"एकही नाही," धाकटी पाण्याची भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. "क्रेट उतरवू नका. रिकामेच न्यायचे आहेत."

तो चिडला, मग कुंपणाशी जाऊन बघितलं, मग डोकं खाजवलं. तीस वर्षं या धंद्यात, पण इतक्या लहान पिल्लांना बिनउजेडाची अख्खी रात्र त्याच्याकडे कधी काढता आली नव्हती. त्यानं सगळं विचारून घेतलं. दांड्या हलवून बघितल्या. मग मामांच्या समोर चक्क हात जोडले. "मामा, माझ्याकडे दोन हजार पिल्लं आहेत. चार दिवस या. गाडी पाठवतो."

छत्तीस वर्षं ज्या माणसाचं तोंडही प्रेक्षकांनी पाहिलं नव्हतं, तो जरा लाजला. त्यानं धाकटीकडे बोट केलं. "तिला विचारा. मी नुसता दांडी ओढतो. कुठे थांबायचं ते तिला कळतं."

पोल्ट्रीवाला तिकडे वळला. धाकटीनं घासलेलं भांडं उपडं करून पाणी निथळलं.

"छत्र्या किती आहेत?"

"दोन."

"दोन हजारांना दोन?" ती म्हणाली. "बसणार कुठे ती? आधी सात करा. मग दादाला घेऊन येते."