बोरॉनच्या शेजारची रेषा

परभणीच्या प्रयोगशाळेत प्लाझ्माचं यंत्र आलं, तेव्हा मला त्याचा फार माज होता. मातीचा अर्क त्याच्या ज्वाळेत फवारला की प्रत्येक मूलद्रव्य आपापला प्रकाश सोडायचं आणि यंत्र त्यावरून प्रमाण सांगायचं.

मानवतकडं बटईनं कापूस करणारा एक माणूस एस.टी.नं माती घेऊन आला. म्हणाला, "साहेब, पात्या, फुलं लय गळायल्यात. मालक मलाच बोल लावायलाय. पण मातीतच कायतरी कमी हाय."

बोरॉन कमी पडलं की कापसाची फुलं गळतात, म्हणून तेच बघायचं होतं. बोरॉनची आणि लोखंडाची प्रकाशरेषा अगदी खेटून असते. अर्कात लोखंड असलं की त्याचा उजेड बोरॉनच्या नावावर चढतो. म्हणून दुसऱ्या रेषेवर ताडून बघायचं असतं. मला हे पाठ होतं. पण ज्वाळेला लागणाऱ्या आर्गॉन वायूचा सिलिंडर हैदराबादहून यायचा आणि तो पुरवून पुरवून वापरायची आम्हाला सवय लागली होती. मी एकाच रेषेवर भागवलं आणि 'बोरॉन पुरेसं' असं लिहून दिलं.

नवा सिलिंडर आल्यावर उरलेला अर्क पुन्हा लावला. दुसऱ्या रेषेवर बोरॉन नावालाच होतं.

दुरुस्त केलेला अहवाल घेऊन मी स्वतः मालकाकडं गेलो. त्यानं तो शांतपणे वाचला. पहिल्या अहवालावरूनच त्यानं त्या माणसाला काढून टाकलं होतं. तो बायकापोरांसह ऊसतोडीला गेला होता. कोणत्या कारखान्यावर, ते गावात कुणालाच सांगता येईना.

तो पहिला अहवाल मालकाला त्यानंच नेऊन दिला होता. त्याला वाचता येत नव्हतं.